धरणात पाणी, मग वाशिष्ठी का आटते?

प्रश्न : मे महिन्यात कोयना धरणात साठा असूनही चिपळूणला वाशिष्ठी नदी का रोडावते?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : उन्हाळ्यातली वाशिष्ठी मुख्यतः वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडी धरणातून सुटणाऱ्या कोयनेच्या पाण्यावर वाहते. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), पण कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीचीच मर्यादा घातली. लवादाचं हे वर्ष १ जूनला सुरू होतं. कोटा आधीच संपत आला, तर मेमध्ये वीजनिर्मितीत हात आखडता घ्यावा लागतो. पावसाळ्यात महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरच्या पावसावरून येणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधतात, त्यावर साठ्याची पातळी ठरते. माझ्या मते खरी उणीव अंदाजात नाही, तो नदीकाठापर्यंत न पोहोचण्यात आहे. २२ जुलै २०२१ चा महापूर चिपळूणकर विसरलेले नाहीत. म्हणून पूर असो वा टंचाई, विसर्गाचं वेळापत्रक आधी कळावं, ही मागणी नगरपरिषदेकडे जरूर मांडा.