प्रश्नाच्या पोटातला प्रश्न : एम्बेडेड क्वेश्चन्स कसे शिकवावेत?



आठवीच्या वह्या तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं : "आय डोन्ट नो व्हेअर इज माय बुक." कितीतरी वर्षं मी त्यावर लाल रेघ मारून पुढे जात होते. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हीच सांगितलं ना, प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी येतं? मग हे चूक कसं?"

तिचं बरोबर होतं. मी शिकवलेला नियम तिने इमानाने पाळला होता. तो नियम कुठे थांबतो, हे मीच सांगितलं नव्हतं. म्हणून हा लेख.

एम्बेडेड क्वेश्चन म्हणजे काय?

मोठ्या वाक्याच्या आत बसलेला प्रश्न म्हणजे एम्बेडेड क्वेश्चन. 'डू यू नो', 'कॅन यू टेल मी', 'आय वंडर', 'आय डोन्ट नो' अशा शब्दांनंतर तो येतो. आत गेला की तो नामवाक्य होतो आणि त्याची रचना साध्या विधानासारखी होते.

नियम १ : उलटलेलं सुलटं करा.

व्हेअर इज द स्टेशन?
कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?

आधी कर्ता, मग क्रियापद. मुलांना मराठीची आठवण करून द्या. "स्टेशन कुठे आहे?" आणि "स्टेशन कुठे आहे ते सांगता का?" यांत आपण शब्द जागचे हलवतो का? नाही. इंग्रजी मात्र थेट प्रश्नात क्रियापद पुढे आणते आणि आतल्या प्रश्नात परत जागेवर ठेवते.

नियम २ : डू, डझ, डिड निघून जातात.

व्हेअर डझ शी लिव्ह?
आय नो व्हेअर शी लिव्ह्ज.

व्हॉट डिड ही से?
टेल मी व्हॉट ही सेड.

इथे मुलं हमखास अडतात. मी सांगते, "डझ जाताना आपला 'एस' क्रियापदाला देऊन जातो, आणि डिड भूतकाळ देऊन जातो."

नियम ३ : 'हो-नाही'च्या प्रश्नाला इफ किंवा व्हेदर लावा.

इज ही कमिंग?
आय डोन्ट नो इफ ही इज कमिंग.

मराठीत आपण "तो येतोय की नाही, माहीत नाही" म्हणतो. त्या 'की नाही'चं काम इथे इफ करतो.

नियम ४ : प्रश्नचिन्ह बाहेरच्या वाक्यावर ठरतं.

'डू यू नो' हा प्रश्न आहे, म्हणून शेवटी प्रश्नचिन्ह. 'आय वंडर' हे विधान आहे, म्हणून पूर्णविराम.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

पहिली : 'हू ब्रोक द ग्लास?' यात 'हू' हाच कर्ता आहे. मुळात काही उलटलेलंच नाही, त्यामुळे 'आय नो हू ब्रोक द ग्लास' यात काहीच बदलत नाही.

दुसरी : "त्याने विचारलं की मी कुठे राहतो" या 'की'मुळे मुलं 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय लिव्ह' लिहितात. प्रश्नार्थक शब्द स्वतःच जोडणीचं काम करतो, तिथे दॅट नको. बरोबर वाक्य : 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.' आस्क्ड भूतकाळात असल्याने पुढचं क्रियापदही सहसा भूतकाळात जातं.

याचा उपयोग काय?

गुणांपुरतं हे नाही. अनोळखी माणसाला एकदम "व्हॉट टाइम इज इट?" विचारण्यापेक्षा "कुड यू टेल मी व्हॉट टाइम इट इज?" जास्त नम्र वाटतं, आपल्या "जरा सांगता का?"सारखं. मुलाखतीत, बँकेत, फोनवर मुलांना हेच लागणार आहे.

घरी करून पाहा

१. व्हेन डझ द बस लीव्ह? सुरुवात : कॅन यू टेल मी
२. डिड शी पास? सुरुवात : आय वंडर
३. हू टुक माय पेन? सुरुवात : आय डोन्ट नो

उत्तरं :
१. कॅन यू टेल मी व्हेन द बस लीव्ह्ज?
२. आय वंडर इफ शी पास्ड.
३. आय डोन्ट नो हू टुक माय पेन.

पालकांनो, मूल चुकलं तर लगेच उत्तर सांगू नका. "आतला प्रश्न सुलटा केलास का?" एवढंच विचारा. बहुतेक वेळा ते स्वतःच दुरुस्त करतं. आणि शिक्षकांनो, लाल रेघ मारण्याआधी एकदा बघूया, ही चूक आपल्याच अर्धवट नियमातून तर आली नाही ना?