सातव्या क्रमांकाची खोटी हाक

संगणकाचा प्रोसेसर एका सेकंदात कोट्यवधी आज्ञा पार पाडतो, हे आपण ऐकून आहात. परंतु तो आपल्या एकाच कामात गढून गेला असता कळफलकावर दाबलेले अक्षर, डिस्कवरून आलेली माहिती किंवा घड्याळाचा ठोका यांची दखल त्याने केव्हा घ्यावयाची? प्रत्येक उपकरणाला क्षणोक्षणी 'काही काम आहे काय?' असे विचारीत बसणे हा एक मार्ग आहे. पण शिक्षकच दर मिनिटास दाराशी जाऊन शिपाई आला की काय हे पाहू लागला, तर तास व्हावयाचा कसा? त्यापेक्षा शिपायाने दारावर टकटक करावी, शिक्षकाने पुस्तकात खूण ठेवून सूचना वाचावी, वहीवर सही करावी आणि पुन्हा त्याच ओळीपासून पाठ पुढे न्यावा, हे सोयीचे. संगणकातील या टकटकीला इंटरप्ट म्हणतात. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरी मध्येच येणाऱ्या अडथळ्याला 'आडखळ' असा शब्द आहे. येथे मात्र ही आडखळ नसेल तर यंत्रच अडून बसेल, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

ही टकटक ऐकून योग्य ती व्यवस्था लावणारा जो ऑपरेटिंग सिस्टीमचा अंतर्भाग, त्याचे नाव कर्नल. हा लष्करातला कर्नल नव्हे. काजूच्या बीच्या आतील गराला व्यापारी लोक इंग्रजीत जो शब्द वापरतात, तोच हा. टरफल कोणतेही असो, खरा माल आत असतो. हा कर्नल लिहिणाऱ्यांना यंत्रांच्या खोडी कशा सांभाळून घ्याव्या लागतात, तेवढेच आज पाहावयाचे आहे.

1981 साली आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्यात उपकरणांच्या हाका गोळा करण्यासाठी इंटेलची 8259 ही चिप होती. तिला आठ तारा जोडता येत, त्यांचे क्रमांक 0 ते 7. शून्यावर घड्याळ, एकावर कळफलक, सातावर छपाईयंत्र, अशी वाटणी होती. लहान क्रमांकाचा मान मोठा. 1984 च्या 'एटी' या नमुन्यात आठ तारा अपुऱ्या पडल्या म्हणून दुसरी 8259 आणून ती पहिलीच्या 2 क्रमांकाच्या तारेवर जोडण्यात आली. अशा रीतीने 15 तारा उपयोगास आल्या.

पहिली खोड चिपची नव्हे, तर तिची मांडणी करणाऱ्यांची. प्रोसेसरला प्रत्येक हाकेबरोबर एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावरून तो कोणता कार्यक्रम चालवायचा हे ठरवितो. यांपैकी पहिले 32 क्रमांक, म्हणजे 0 ते 31, इंटेलने स्वतःच्या भावी उपयोगासाठी राखून ठेवले होते. आयबीएमने मात्र उपकरणांच्या हाकांना 8 ते 15 हेच क्रमांक देऊन टाकले. पुढे 1982 च्या 80286 प्रोसेसरमध्ये 8 हा क्रमांक एका गंभीर दोषाच्या सूचनेसाठी आणि 13 हा स्मृतीच्या संरक्षणाचा भंग झाल्याचे कळविण्यासाठी योजला गेला. आता 8 क्रमांक आला, तर घड्याळाचा साधा ठोका पडला असे समजावे, की यंत्र कोसळण्याच्या बेतात आहे असे? हा घोटाळा टाळण्यासाठी कर्नल सुरू होताच प्रथम दोन्ही 8259 चिपांना नवे क्रमांक शिकवितो. लायनस टॉरवाल्ड्स याने 1991 साली हेल्सिंकी येथे लिनक्स लिहिला, तेव्हा त्याने या हाका 32 ते 47 या क्रमांकांवर हलविल्या आणि आयबीएमने केलेल्या या गोंधळाबद्दल आपली नाराजी कार्यक्रमातील टिपणात नोंदवून ठेवली. राखीव जागा रिकामी दिसली म्हणून तेथे बसावे आणि पुढे येणाऱ्यांनी वाट शोधीत राहावे, असा हा प्रकार! पण तोवर यंत्रे घरोघर गेली होती. ती परत बोलावून त्यांतील मांडणी बदलणे कोणालाही शक्य नव्हते.

दुसरी खोड अधिक सूक्ष्म आहे, आणि मला तीच विशेष मनोरंजक वाटते. एखाद्या उपकरणाने तार उंचावून हाक दिली की 8259 ती प्रोसेसरकडे पोहोचविते. प्रोसेसर हातातली आज्ञा पुरी करतो व 'कोण आहे?' असे विचारतो. समजा, मधल्या निमिषमात्र काळात ती तार पुन्हा खाली आली. उपकरणाने विनंती मागे घेतली असेल, तारेत विजेचा क्षुल्लक गोंधळ उठला असेल, किंवा कर्नलनेच नेमक्या त्याच क्षणी ती तार बंद केली असेल. आता दाराशी कोणीच नाही, पण प्रोसेसर तर उत्तराची वाट पाहत आहे. त्याला रिकाम्या हाताने परत पाठविण्याची सोय चिपेत नाही. म्हणून ती 7 हा क्रमांक सांगून मोकळी होते. ही बिघडलेल्या चिपेची लक्षणे नव्हेत. तिची रचनाच तशी आहे आणि इंटेलच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट छापलेले आहे.

आता अडचण पाहा. सातव्या तारेवर छपाईयंत्र असल्यामुळे तेथून खरी हाकही येऊ शकते. खरी कोणती आणि खोटी कोणती हे ओळखण्याची एकच खूण आहे. ज्या हाकेचे काम सुरू आहे, तिची नोंद 8259 आपल्या आठ घरांच्या एका नोंदवहीत करते. सातव्या घरात खूण असेल तर हाक खरी. घर रिकामे असेल तर ती खोटी.

खोटी हाक ऐकून घेतली तर काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते सहीमुळे. प्रत्येक काम संपल्यावर कर्नलने 'काम झाले' असा निरोप चिपेला पाठवावयाचा असतो. तो मिळेपर्यंत त्या क्रमांकाच्या किंवा त्याहून कमी मानाच्या हाका ती रोखून धरते. हा निरोप क्रमांक न सांगता पाठविला, तर नोंदवहीतील सर्वांत मोठ्या मानाची खूण पुसली जाते. समजा, तिसऱ्या तारेचे काम अर्धवट असताना खोटी सातवी हाक आली आणि कर्नलने सवयीने सही केली. सातव्या घरात पुसण्यासारखे काहीच नसल्यामुळे तिसरीची खूण पुसली जाते, आणि ते काम हातात असतानाच चिप ते संपले असे मानू लागते. म्हणून नियम असा की, खोट्या सातव्या हाकेला सही करू नये.

दुसऱ्या चिपेकडून अशीच खोटी हाक आली तर तिचा क्रमांक 15 होतो, आणि तेथे हा नियम अर्धाच लागू पडतो. दुसऱ्या चिपेला सही पाठवावयाची नाही. पहिलीला मात्र पाठविलीच पाहिजे, कारण तिच्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकाची हाक खरीच होती आणि तशी खूण तिने केलेलीही आहे. ती खूण राहून गेली, तर दुसरी चिप सबंध आणि पहिलीच्या 3 ते 7 या तारा मुक्या होतात. डिस्कची तार 14 क्रमांकावर असे. तेव्हा सहीची ही एक ओळ विसरणाऱ्याची डिस्कच अबोल व्हावयाची!

लिनक्सने येथे आणखी एक सावधगिरी घेतली आहे. तो क्रमांक सांगूनच सही पाठवितो, त्यामुळे भलत्याची खूण पुसली जात नाही. शिवाय, खोट्या हाकांची तपासणी तो बेताचीच करतो. दोष असलेल्या थोड्या यंत्रांसाठी निर्दोष यंत्रांना मंद करू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो.

पुढे पीसीआय पद्धतीत एकच तार अनेक उपकरणांनी वाटून घ्यावी असे ठरले. तार ओढून धरावयाची आणि काम झाल्यावरच सोडावयाची, ही तिची रीत. हाक आली की कर्नल त्या तारेवरील प्रत्येक उपकरणाच्या कार्यक्रमाला 'ही तुझी का?' असे विचारतो. सर्वांनी नकार दिला आणि तार तरीही ओढलेलीच राहिली तर? प्रोसेसर परत येतो न येतो तोच पुन्हा हाक. सबंध यंत्र त्या एका हाकेपायी गोठून जाते. यावर लिनक्सची तोड अशी: एका तारेवरील एक लाख हाकांपैकी 99,900 हून अधिक बेवारस निघाल्या, तर 'कोणीही दखल घेतली नाही' अशा अर्थाची नोंद करून तो ती तार बंद करतो. त्या तारेवरील निरपराध उपकरणाचेही यात नुकसान होते, हे खरे. परंतु बाकीचे यंत्र जिवंत राहते, आणि वापरणाऱ्याला निदान आपले अर्धवट लिहिलेले काम जतन करून ठेवता येते.

8259 ची जागा पुढे एपिक नावाच्या योजनेने घेतली. तिच्यातही हाक मध्येच विरून जाऊ शकते, पण अशा खोट्या हाकेसाठी तेथे स्वतंत्र क्रमांक ठेवलेला आहे व तिला सही लागत नाही. लिनक्स यासाठी 255 हा शेवटचा क्रमांक वापरतो. खऱ्या उपकरणाच्या नावाने खोटी हाक येण्याची जुनी पंचाईत त्यामुळे उरली नाही.

ज्यांच्या घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत लिनक्सवर चालणारा संगणक असेल, त्यांनी 'प्रॉक' या निर्देशिकेतील 'इंटरप्ट्स' ही फाइल उघडून पाहावी. डावीकडे तारांचे क्रमांक, मध्ये प्रत्येक प्रोसेसरने ऐकलेल्या हाकांची मोजणी आणि उजवीकडे उपकरणाचे नाव दिसेल. चार कळा दाबून फाइल पुन्हा उघडल्यास कोणते आकडे वाढले ते ताडून पाहता येते. इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरवर यादीच्या तळाशी ई-आर-आर अशी तीन अक्षरे असतात. 8259 च्या खोट्या हाका जेथे आढळतील, तेथे त्यांची मोजणी त्या ओळीत मिळविली जाते. बहुतेक यंत्रांत तेथे शून्य असते.