खेळापासून घ्यावयाचे तीन धडे

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे कित्येक वडील माणसांस वाटते. परंतु हर्णे बंदराच्या वाळूत हुतूतू खेळणारा मुलगा दम राखावयास व साखळीतील सोबत्याचा हात न सोडावयास शिकतो. पुढे होडीवर तांडेलाच्या हाकेसरशी जाळे ओढताना हीच शिकवण त्याच्या कामी येते. खेळ काय शिकवितो, हे क्रिकेटमधील पालवणकर बंधूंच्या उदाहरणावरून पाहू.

पहिला धडा : हाती असलेल्या कामातून शिकणे. बाळू पालवणकर हे चर्मकार कुटुंबातील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखणे हे त्यांचे काम असे. सभासदांच्या सरावासाठी त्यांस चेंडू टाकावे लागत; फलंदाजीची संधी मात्र मिळत नसे. जे मिळाले, तेच त्यांनी आपली शाळा केली.

दुसरा धडा : नित्य सराव. ग्रेग नावाचे नामांकित इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या चेंडूंवर सराव करीत. त्यात दोघांचेही शिक्षण झाले. डाव्या हाताने चेंडू वळविण्याची बाळूंची कला अशी घासून तयार झाली. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडात गेला, तेव्हा त्या दौऱ्यात त्यांनी एकंदर ११४ गडी बाद केले.

तिसरा धडा : सहकार्य. हा सर्वांत कठीण. पुण्यातील हिंदू क्लबाने बाळूंस संघात घेतले. मैदानावर सोबती त्यांच्या हातचा चेंडू घेत, परंतु चहा मात्र त्यांस बाहेर, मातीच्या निराळ्या पेल्यात मिळे. ज्याच्या गुणावर संघ जिंकावयाचा, त्यास पंक्तीत जागा नाही, ह्यास सहकार्य कसे म्हणावे? १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांस हरविले, तेव्हा बाळू व त्यांचे बंधू शिवराम दोघेही त्या संघात होते. तरीही संघाचे नियमित कर्णधारपद बाळूंस कधीच लाभले नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस मिळाला, आणि त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी सामने जिंकले.

वाचकहो, सराव मनुष्य एकट्याने करू शकतो. परंतु त्याच्या गुणास योग्य जागा देणे हे सोबत्यांचे काम आहे. जाळे जड झाले म्हणजे तांडेल कोणाचे कूळ विचारीत नाही. दोरीस किती हात आहेत, एवढेच पाहतो. शाळेच्या मैदानावर व गावाच्या कारभारातही हीच रीत असावी.

विचारासाठी प्रश्न :
१. आपल्या गावातील खेळांत कोणती मुले व मुली कडेला उभी राहतात? का?
२. ज्यांच्या श्रमाचा आपण लाभ घेतो, त्यांस मानाचे स्थान देतो काय?
३. रोज थोडा सराव केल्यास वाढेल, असा कोणता गुण आपल्या अंगी आहे?