एकटा की स्वावलंबी?
(कोरियन विद्यार्थ्यांना शिकविताना एका इंग्रजी शब्दाचा पाठ)

कोरियन विद्यार्थी इंग्रजीत नोकरीचा अर्ज लिहू लागला, की 'मी एकट्याने काम करतो' असे 'अलोन' हा शब्द घालून सहज लिहून जातो. त्याला सांगावयाचे असते, 'मला हात धरून शिकवावे लागत नाही.' वाचणाऱ्या साहेबांना मात्र वाटते, हा गृहस्थ चारचौघांत मिसळणारा दिसत नाही! येथे हवा तो शब्द 'इंडिपेंडन्टली'.

घोटाळ्याचे मूळ मातृभाषेत आहे. कोरियनमध्ये 'होन्जा' म्हणजे एकट्याने. मदतीवाचून केलेल्या कामालाही तोच चालतो. 'सुसुरो' म्हणजे आपण होऊन, स्वतःच्या बळावर. 'चोजोल्लो' म्हणजे आपोआप. दार 'चोजोल्लो' उघडते, मुलगा अभ्यासाला 'सुसुरो' बसतो. मराठी माणसास हा भेद समजावून द्यावा लागत नाही.

शिक्षकाने चौथ्या शब्दाकडे वळावे. तो 'तोङ्निप', म्हणजे स्वातंत्र्य. १८९६ साली सो जे-पिल यांनी सेऊल येथे काढलेल्या वृत्तपत्राचे नाव 'तोङ्निप सिन्मुन', व त्याचे इंग्रजी नाव 'दि इंडिपेंडंट'. तेव्हा शब्द मुलांच्या ओळखीचाच आहे! त्यास 'जोगुरो' जोडले की क्रियाविशेषण होते. इंग्रजीत तेच काम शेवटची 'ली' करते.

आणखी एक मौज. इंग्रजी शब्दाच्या पोटात लोंबणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. जो कोणाला लोंबकळत नाही, तो स्वतंत्र. आपल्या 'स्वावलंबना'तील 'लंब्' धातूही लोंबण्याचाच. 'तोङ्निप'मध्ये मात्र 'एकटा' व 'उभे राहणे' अशी दोन चिनी अक्षरे आहेत. मला तर हेच चित्र अधिक आवडते. आपणही 'स्वतःच्या पायावर उभा राहिला' असे म्हणतोच की!

पुढची अडचण शब्दयोगाची. कोरियन माणूस आपल्यासारखाच 'आईबापांपासून स्वतंत्र' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'फ्रॉम' घालतो. 'इंडिपेंडन्टली'पुढे 'ऑफ' यावयास हवे. 'इंडिपेंडन्स' या नामापुढे मात्र 'फ्रॉम' शोभते. शब्दाची जागाही बदलते. कोरियन वाक्यात क्रियापद आपल्याप्रमाणेच शेवटी, व हा शब्द त्याच्या आधी. इंग्रजीत तो बहुधा क्रियापदामागून येतो.

उच्चाराचे म्हणाल, तर कोरियन लिपीत 'ट' व 'ली' यांच्यामध्ये एक स्वर शिरतो आणि पाच अवयवांचा शब्द सहा अवयवांचा होतो. तो स्वर काढून टाकावा, 'ट' अर्धवट गिळावा, आणि सारा जोर 'पें'वर द्यावा.