आधी ओळख, मग आंघोळ

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर संपादकांनी खुशाल लाल पेन काढावं. विषयही पेनचाच आहे!

दिवाळीच्या सुट्टीत आजीच्या डब्यात एक काळं, बोटभर लांबीचं फाउंटन पेन सापडलं. टोपणाला वर छोटी कडी. "अगं, तुझ्या पणजोबांचं ते. घड्याळाच्या साखळीला अडकवायचे," आजी म्हणाली. आत शाई वाळून दगड झालेली. मी उत्साहात ते कढत पाण्याच्या वाटीत टाकलं आणि जेवायला गेले. परत येऊन बघते तर काळं पेन शेवाळी-तपकिरी! आजी काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मित्रांनो, अशी पेनं १९२० च्या आसपास कोटाच्या आतल्या जाकिटाच्या खिशासाठी बनत. बायका कडीतून फीत ओवून ती गळ्यात घालत. वॉटरमन कंपनीने तर दोन इंचांहून लहान, खरोखर लिहिणारं 'डॉल पेन' काढलं होतं. तुमच्या घरी असं काही निघालं तर माझ्यासारखा गाढवपणा करू नका. आधी चार गोष्टी बघा.

१. आकडा : माझ्या पेनच्या बुडावर '५२½ व्ही' कोरलंय. रेझिस्टरच्या कलर कोडसारखाच हा वॉटरमनचा कोड. दशकाचा ५ म्हणजे खटका दाबून शाई भरणारं. ४ असता तर निब आत सरकणारं. एककाचा २ हा निबचा साइज, ½ म्हणजे बारीक अंगाचं आणि व्ही म्हणजे 'व्हेस्ट पॉकेट', अर्थात आखूड.

२. मटेरियल : पेन अंगठ्याने जोरात चोळा आणि वास घ्या. गंधकाचा आला तर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन आणि पाणी, विशेषतः गरम पाणी, याचा रंग घालवतं. कापराचा आला तर सेल्युलॉइड. ते पेटतं, ज्योतीपासून लांब ठेवा. तिसरं केसीन, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेलं. लंडनच्या कॉनवे स्टुअर्ट कंपनीच्या बऱ्याच रंगीत पेनांत ते असे. 'डिंकी' ही त्यांचीच चिमुकली पेनं. केसीन पाण्यात फुगतं, म्हणून भिजवणं बंद!

३. निब : '१४ कॅरेट' असा शिक्का शोधा. टोकावरचा कठीण धातूचा बारीक मणी शाबूत आहे का, तेही भिंगातून बघा.

४. खटका : जोर लावू नका. आतली रबरी पिशवी इतक्या वर्षांत कडक झालेली असते. खटका तुटतो, पिशवीचे तुकडे होतात. पिशवी नवीन बसवता येते.

एवढं झाल्यावरच सफाई. एबोनाइट असेल तर निबचं टोक तेवढं थंड पाण्यात बुडवायचं, दांडा कोरडा.

मटेरियल सायन्सच्या पेपरात मी व्हल्कनायझेशनवर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. वाटी हातात असताना त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

असो. पिशवी बदलून आणली, पेन आता लिहितं. रंग मात्र परत आला नाही. या लेखाचा कच्चा खर्डा त्याच पेनने लिहून आजीला पाठवलाय.