पंच फितूर झाले, मग पंचनामा बुडाला का?

प्रश्न : खुनाच्या खटल्यात घटनास्थळ पंचनाम्याचे दोन्ही पंच उलटले. आता त्या कागदाला काही किंमत उरते का?

उत्तर : उरते, पण ती किंमत पंचांच्या सह्यांपेक्षा मजकुरावर अवलंबून आहे. पंचनामा हा मुळात स्वतंत्र पुरावा नव्हेच; साक्षीदाराने कोर्टात शपथेवर सांगितलेल्या गोष्टीला तो दुजोरा देतो. पंच फिरले तरी तपास अधिकारी स्वतः पाहिलेले सांगू शकतो आणि त्याची साक्ष केवळ तो पोलीस आहे म्हणून फेटाळता येत नाही. मात्र पाहिलेले आणि ऐकलेले यांची गल्लत झाली की घात होतो. ‘दारापासून चार फुटांवर रक्ताचा डाग’ हे निरीक्षण. ‘आरोपी इथे उभा होता’ ही कुणीतरी दिलेली माहिती. तोरी सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनास्थळाच्या नकाशाबाबत नेमका हाच भेद केला. पोलिसांना सांगितलेले विधान नकाशात शिरले म्हणून ग्राह्य ठरत नाही.

कुणी म्हणेल, आता व्हिडिओ असताना पंच हवेत कशाला? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले, हे स्वागतार्हच आहे. पण अंतर फीतच मोजते, आणि वास कॅमेऱ्यात येत नाही. शिवाय जप्त चाकू सीलबंद केव्हा झाला, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुणाच्या ताब्यात होता, याची नोंद तुटली तर उत्तम चित्रीकरणही अपुरे पडते. तुमच्या वकिलांनी उलटतपासात सर्वाधिक वेळ इथेच द्यावा.