हॉटेलच्या खोलीतील फ्रीज : न घेतलेल्या मालाचे बिल

खरेदीसाठी बाहेरगावी जाणे हा आपल्या धंद्याचा अविभाज्य भाग आहे. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील कापड दुकानदार रमजानपूर्वी आणि लग्नसराईच्या तोंडावर सुरत, अहमदाबाद, भिवंडी, मुंबई असा फेरा करतातच. मागची पिढी मुंबईत मुसाफिरखान्यात किंवा एखाद्या नातेवाइकाच्या घरी उतरत असे. आता प्रदर्शने, मिलवाल्यांच्या बैठका, तसेच उमराहचा सफर यांच्या निमित्ताने हॉटेलात उतरण्याचे प्रसंग वाढले आहेत. अशा हॉटेलांपैकी बऱ्याच ठिकाणी खोलीत एक छोटा फ्रीज असतो. त्याला मिनीबार म्हणतात. या फ्रीजविषयी व्यापारी बांधवांना माहिती असणे का जरुरीचे आहे, हे आमच्या घरातच घडलेल्या एका प्रसंगावरून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमचा पुतण्या कापडाच्या एका प्रदर्शनासाठी मुंबईस गेला होता. दोन रात्रींचा मुक्काम होता. परत आल्यावर त्याने प्रवासखर्चाची सर्व बिले पेढीवर जमा केली. मुनीमजी रोजमेळ लिहीत असताना एका बिलावर थांबले आणि काही न बोलता त्यांनी ते आमच्या पुढे ठेवले. खोलीच्या भाड्याखाली एक ओळ होती : मिनीबार, दोन बिअर.

आम्ही पुतण्याला काहीच विचारले नाही. मनात मात्र धरून बसलो. चार दिवस त्याच्याशी कामापुरते बोललो आणि गल्ल्याची चावी त्याच्याकडे दिली नाही. शेवटी जुम्याच्या नमाजनंतर तो स्वतःच म्हणाला, "चाचा, माझ्याकडून काही चूक झाली आहे का?" आम्ही ते बिल त्याच्या हातात दिले. वाचून त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "चाचा, बाटल्यांना मी हात लावला हे खरे. पण इन्सुलिन ठेवायला फ्रीजमध्ये जागा नव्हती, म्हणून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. सकाळी परत जागेवर ठेवल्या. बिल मी वाचलेच नाही. गाडीची वेळ झाली होती, रक्कम पाहिली आणि कार्ड दिले."

त्याला लहानपणापासून मधुमेह आहे, हे आम्हाला काय ठाऊक नव्हते? आम्ही लगेच हॉटेलला फोन लावला. व्यवस्थापकांनी नोंद तपासली. त्या खोलीत त्या दिवशी बिअरची एकही बाटली नव्याने भरलेली नव्हती, म्हणजे बाटल्या होत्या तेथेच होत्या. त्यांनी चूक कबूल करून रक्कम परत केली आणि दुरुस्त बिल पाठवले. पैशाचा प्रश्न मिटला. पण चार दिवस आम्ही आपल्याच मुलाबद्दल बदगुमानी बाळगली, त्याची माफी आम्हाला मुनीमजींच्या समोर मागावी लागली, आणि ती मागणे योग्यच होते.

हा फ्रीज म्हणजे एक दुकान आहे

हाँगकाँगच्या हिल्टन हॉटेलने १९७४ साली खोल्यांमध्ये पेयांनी भरलेले फ्रीज ठेवले, तेथून ही पद्धत जगभर पसरली असे सांगतात. गिऱ्हाईक थकलेले असते, रात्र झालेली असते, बाहेर जाण्याचा कंटाळा असतो. अशा वेळी हाताशी माल असला की दर पाहिला जात नाही. हे गणित दुकानदाराला समजावून सांगण्याची गरज नाही.

माल मोजण्याच्या मुख्य दोन पद्धती आहेत. पहिलीत हॉटेलचा नोकर खोलीत येऊन बाटल्या मोजतो आणि कमी झालेल्या मालाचे पैसे लावतो. यात आधीच्या मुसाफिराने घेतलेला माल नजरचुकीने पुढच्याच्या नावावर पडू शकतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक वस्तूच्या जागी यंत्र बसवलेले असते. वस्तू उचलून ठरावीक सेकंदांत परत ठेवली नाही, तर ती विकली गेली अशी नोंद आपोआप होते. यंत्राला एवढेच कळते की बाटली हलली. ती प्याली गेली की बाजूला ठेवली, हे त्याला कळत नाही. आमच्या पुतण्याच्या बाबतीत हेच झाले.

दर आणि कायदा

पुष्कळ जण बाटलीवर छापलेली किंमत दाखवून हॉटेलशी वाद घालतात. त्याचा उपयोग होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी असा निकाल दिला आहे की, हॉटेल आणि रेस्टॉरंट नुसता माल विकत नाहीत, त्याबरोबर जागा आणि सेवाही देतात. म्हणून पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा अधिक दर ते घेऊ शकतात. किराणा दुकानाला लागू असलेला नियम येथे लावता येत नाही. आपला हक्क एवढाच की दर आधी कळला पाहिजे. त्यासाठी फ्रीजवर किंवा टेबलावर दरपत्रक असते, ते प्रथम वाचावे. मोफत पाण्याच्या बाटल्या बहुधा फ्रीजबाहेर वेगळ्या ठेवतात. शंका आल्यास काउंटरवर विचारून घ्यावे.

कराचीही गोष्ट ध्यानात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, परंतु हॉटेलला त्यात इनपुट क्रेडिट नाही. त्याहून महाग खोलीवर १८ टक्के आहे. खोलीवरील कर हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा धरला जातो. म्हणून महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या दुकानदाराला सुरतेच्या खोलीवरील कराचे क्रेडिट मिळत नाही. खाण्यापिण्यावरील कराचे क्रेडिट तर कापड व्यापाऱ्याला आपल्या राज्यातही नाही. तेव्हा मिनीबारचा प्रत्येक रुपया सरळ नफ्यातून जातो, हे धरून चालावे.

शरीअतच्या दृष्टीने

दुकानातून महिनाभर लागेल तसा माल नेणे आणि शेवटी हिशोब चुकता करणे, याला हनफी फिकहमध्ये बैउल इस्तिजरार म्हणतात. आपल्या गावातील उधारीची वही ती हीच. मिनीबारचा व्यवहारही याच जातीचा आहे. माल आधी, हिशोब नंतर. या व्यवहारात किंमत माहीत असणे महत्त्वाचे आहे, कारण तिच्याविषयी अंधार असला की झगडा ठरलेला. म्हणून दरपत्रक न वाचता बाटली उघडणे हा केवळ आळस नव्हे, व्यवहारातील कच्चेपणा आहे.

काही जण फ्रीजमधील पाणी पितात आणि बाहेरून तशीच बाटली आणून त्या जागी ठेवतात. आम्हाला हे रास्त वाटत नाही. एखाद्या गिऱ्हाइकाने आपल्या दुकानातील ठाण न विचारता नेले आणि दुसरीकडून तसेच ठाण आणून ठेवले, तर आपण ते मान्य करू काय? हॉटेलचा माल आपल्याजवळ अमानत आहे. तसेच एखादी वस्तू खरोखर घेतली आणि हॉटेल ती लावायला विसरले, तर आपण होऊन सांगावे. न घेतलेल्या मालाचे पैसे परत मागायचे असतील, तर घेतलेल्या मालाचे पैसे लपवता येत नाहीत.

दारूचा प्रश्न निराळा आहे. गुजरातेत दारूबंदी असल्याने सुरतेच्या फ्रीजमध्ये ती सहसा नसते. मुंबई, दिल्ली, बंगळूर येथे असू शकते. खोली घेतानाच दारू काढून घेण्यास सांगावे. हॉटेलवाल्यांना ही मागणी नवी नाही. चॉकलेटमध्येही मद्य असू शकते आणि मिठाईत जिलेटिन, तेव्हा वेष्टण वाचावे. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, त्यात मद्य नसल्याचे सांगत नाही.

फ्रीज आपल्या कामासाठी वापरताना

पुष्कळ हॉटेलांतील या फ्रीजना घरच्यासारखा कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाच्या मिश्रणाला उष्णता देऊन त्यात गारवा निर्माण करतात. आवाज होत नाही म्हणून झोपण्याच्या खोलीत सोयीचे, पण गारवा घरच्या फ्रीजइतका भरवशाचा नसतो. शिवाय काही हॉटेलांत दाराजवळच्या खाचेतून किल्लीचे कार्ड काढले की खोलीतील वीज बंद होते आणि फ्रीजही बंद पडतो. म्हणून घरून बांधून दिलेला खिमा किंवा कबाब दुसऱ्या दिवसासाठी त्यात ठेवू नयेत.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. ती गोठली तर वाया जाते, म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नये. चालू असलेली बाटली बाहेर किती दिवस चालते, हे प्रवासाला निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे. औषधासाठी फ्रीज रिकामा करून हवा किंवा वेगळा हवा, असे हॉटेलला आधी कळवले तर बहुतेक ठिकाणी सोय होते. आमच्या पुतण्याने एवढे सांगितले असते तर पुढचे काहीच घडले नसते. अर्थात, आम्ही पहिल्याच दिवशी विचारले असते तरीही घडले नसते.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१) खोलीत शिरताच फ्रीज उघडून माल दरपत्रकाशी ताडून पाहावा. काही कमी असेल किंवा सील तुटलेले असेल, तर त्याच वेळी काउंटरला कळवावे आणि ज्याला कळवले त्याचे नाव टिपून ठेवावे.

२) वस्तू हलवू नयेत. जागा हवी असल्यास नोकराला बोलावून माल काढून घेण्यास सांगावे. फ्रीजला कुलूप असेल तर ते लावून किल्ली काउंटरवर द्यावी.

३) खोली सोडण्याच्या आदल्या रात्रीच बिलाचा मसुदा मागून प्रत्येक ओळ वाचावी. गाडीच्या घाईत चूक दिसत नाही.

४) सेवाशुल्क आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. बिलात तशी ओळ असल्यास विचारावे.

५) चुकीची रक्कम लागली तर प्रथम हॉटेलला लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

६) पेढीच्या कामासाठी गेलेल्या माणसाने खाजगी खर्च पेढीच्या बिलात येऊ देऊ नये. भागीदारीत ही गोष्ट फार जपावी.

कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपले जुन्नर तर एके काळी कागदासाठी प्रसिद्ध होते. येथील कागदी घराण्यांनी बनवलेल्या जुन्नरी कागदावर दूरदूरचे हिशोब लिहिले गेले. लिहिलेला हिशोब माणसाला चोरीपासून वाचवतो, तसा खोट्या आळापासूनही वाचवतो. पण लिहिलेलेही चुकीचे असू शकते. म्हणून बिलावर नको ती ओळ दिसली, तर मनात निकाल देण्यापूर्वी ज्याचे बिल आहे त्याला एकदा विचारावे.

अल्लाह तआला आपल्या सफरीत आसानी, रोजीत बरकत आणि घराघरांत एकमेकांविषयी चांगला गुमान राखण्याची तौफिक देवो. आमीन.